मुकुटात सात, आठवा नाही

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुमच्याही फोनवर ती बातमी येऊन गेली असेल. एक तारा फुटणार आहे, ऐंशी वर्षांतून एकदाच फुटतो, उघड्या डोळ्यांनी दिसेल, सप्टेंबरच्या आत कधीही. इंग्रजीत आली, हिंदीत आली, मराठीत तर एकाच दिवशी चार ठिकाणी आली आणि चारही ठिकाणी वाक्यं जवळपास तीच होती. मग सप्टेंबर गेला. तारा फुटला नाही. पुढे २७ मार्च २०२५ ही नवी तारीख आली. तीही गेली. हे लिहितेय तो जुलै आहे, बाहेर पाऊस आहे, आणि तारा अजून होता तसाच आहे.

या ताऱ्याचं नाव टी कोरोना बोरिआलिस. आवर्ती नवतारा म्हणजे पुन्हा पुन्हा भडकणारा नवतारा, त्या जातीतलं हे आपल्याकडून पाहता सगळ्यांत तेजस्वी उदाहरण. त्याच्या न फुटण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार त्याच्यावर लिहिल्या गेलेल्या मजकुराबद्दल आहे. गेल्या दीड वर्षात मी या एका ताऱ्यावरचं जे हाती लागेल ते वाचलं. बातम्या, शोधनिबंध, आणि एका अमेरिकन शेतकऱ्याच्या मुलानं १९६५ साली छापलेलं आत्मचरित्र. या सगळ्याकडे विज्ञान म्हणून पाहण्याआधी लिखाण म्हणून पाहावं असं मला वाटतं. कारण आकाशात काही घडत नसताना त्यावर लिहायचं कसं, हा प्रश्न लिखाणाचाच आहे.

आधी तारा कुठे आहे ते सांगते. पाऊस उघडला तर रात्री साडेआठच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला बघा. नारिंगी झाक असलेला ठळक तारा स्वाती आणि ईशान्येकडचा पांढरा अभिजित यांना जोडणारी रेघ मनात ओढा. स्वातीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर सात ताऱ्यांची अर्धी वाटी दिसेल. हा उत्तर मुकुट. वाटीच्या पूर्वेकडच्या कडेशेजारी, बाहेरच्या बाजूला, आपला तारा आहे. आत्ता तो दहाव्या प्रतीचा आहे, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही, दुर्बीण लागेल. भडकला की दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो, मुकुटातल्या सर्वांत ठळक ताऱ्याइतका. प्रतींचं गणित उलटं चालतं, आकडा कमी तितकं तेज जास्त. आठ प्रतींचा फरक म्हणजे सुमारे १,६०० पट. हे काही तासांत होतं, आणि आठवड्याभरात तो परत डोळ्यांना दिसेनासा होतो.

पक्क्या तारखा दोनच. १२ मे १८६६ रोजी आयर्लंडमधल्या टूअम गावाजवळ जॉन बर्मिंगहॅम रात्री घरी परतत असताना त्याला मुकुटात नको तिथे तारा दिसला. त्यानं विल्यम हगिन्सला कळवलं, आणि चारच दिवसांत हगिन्सनं त्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला. एखाद्या नवताऱ्याचा वर्णपट माणसानं पाहिल्याची ही पहिली वेळ. त्यात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा होत्या. दुसरी तारीख ९ फेब्रुवारी १९४६. त्या रात्री तो अनेकांना वेगवेगळा सापडला. त्यांत सोव्हिएत रशियातला एक रेल्वे कर्मचारी होता आणि वेल्समधला, घराच्या खिडकीतून बाहेर बघणारा एक पंधरा वर्षांचा मुलगाही. तो मुलगा गेल्या वर्षी चौऱ्याण्णव वर्षांचा होता आणि दुसऱ्यांदा वाट बघत होता. 'आयुष्यात एकदाच' लिहिणाऱ्यांनी हा माणूस डोळ्यांसमोर ठेवायला हवा होता.

आता बातम्यांकडे येते. त्यांत सर्वांत जास्त खटकला तो 'ताऱ्याचा मृत्यू' हा शब्द. हा तारा मरत नाही. मरत असता तर १८६६ नंतर १९४६ आलंच नसतं. ज्या मजकुरात 'ऐंशी वर्षांनी पुन्हा' आणि 'ताऱ्याचा अंत' या दोन गोष्टी तीन ओळींच्या अंतरानं येतात, तो लिहिणाऱ्यानं स्वतः तरी वाचला होता का? गोंधळ होतो तो अतिदीप्त नवताऱ्याशी, म्हणजे सुपरनोव्हाशी. तिथे अख्खा ताराच उद्ध्वस्त होतो. इथे उडतो तो फक्त वरचा थर.

आणि हा थर का उडतो, पुन्हा पुन्हा का उडतो, हीच खरी गोष्ट आहे. बहुतेक मजकुरांनी ती एका वाक्यात उरकली. तिथे दोन तारे आहेत. एक फुगलेला, थंड, तांबडा. सूर्याच्या साठ-सत्तर पट रुंद. दुसरा जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा: वस्तुमान सूर्याहून जास्त आणि आकार पृथ्वीपेक्षाही लहान. दोघं एकमेकांभोवती सुमारे २२७ दिवसांत एक फेरी घालतात, मधलं अंतर साधारण सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या अंतराएवढं. फुगलेल्या ताऱ्याचा बाहेरचा थर दुसऱ्याच्या ओढीत सांडत राहतो आणि तिथे गोल फिरत फिरत त्याच्या पृष्ठभागावर साचतो. बहुतांशी हायड्रोजन.

साचलेल्या थराचा तळ दाबला जातो, तापतो, आणि एका टप्प्याला तिथे अणुसंमीलन सुरू होतं. इथे कुकरचा दाखला सगळे देतात. मला तो अर्धाच पटतो. कुकरला शिट्टी असते. साधा वायू तापला की पसरतो आणि पसरला की निवतो, ती त्याची शिट्टी. सूर्य त्यामुळेच शांतपणे जळतो. पण या बटू ताऱ्याच्या पृष्ठभागावर वायू इतका चेपलेला असतो की त्याचा दाब तापमानावर अवलंबून राहत नाही. तो तापतो, पण पसरत नाही. न पसरल्यामुळे निवत नाही, न निवल्यामुळे संमीलन वाढतं, त्यानं आणखी तापतो. म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. शेवटी तापमान इतकं चढतं की वायू पुन्हा साध्या वायूसारखा वागू लागतो आणि राहिलेलं सगळं पसरणं एकदम करून टाकतो. वरचा थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं बाहेर फेकला जातो. गाभा जागच्या जागी. सांडणं पुन्हा सुरू होतं.

बटू जितका जड तितका त्याच्यावरचा थर जास्त चेपला जातो, म्हणून थोडा माल साचला तरी पेटतो. टी कोरोनामधला बटू अशा ताऱ्यांना शक्य असलेल्या कमाल वस्तुमानाच्या अगदी जवळ आहे, म्हणून त्याला ऐंशी वर्षं पुरतात. हलक्या बटूंना हजारो वर्षं लागतात. खरं पाहिलं तर सगळेच नवतारे आवर्ती असणार; त्यांच्या दोन स्फोटांमधल्या काळात माणसं आणि त्यांच्या वह्या टिकत नाहीत, इतकंच. आपल्या आकाशगंगेत आवर्ती म्हणून ज्यांची नोंद आहे ते दहाच. देवयानी दीर्घिकेत २००८ साली सापडलेला एक तर दर वर्षी फुटतो.

हे सगळं 'व्हँपायर तारा' या दोन शब्दांत बसवलं जातं. रक्त शोषणारा. इंग्रजीतून आलेली ही उपमा मराठी मजकुरात तशीच चिकटवलेली दिसते आणि मला त्याचं वाईट वाटतं. कारण मराठीनं या जोडीला फार पूर्वीच नावं देऊन ठेवली आहेत. फुगलेला तो तांबडा राक्षसी तारा, आणि छोटा तो श्वेत बटू. बटू आणि राक्षस! वामनाची आणि बळीची गोष्ट शब्दांतच आहे. छोट्यानं मोठ्याकडे मागायचं आणि मोठ्यानं देत सुटायचं. आणि आपल्याकडे तर दिवाळीत बळीच्या बाजूनं उभं राहायची रीत. कुणा परिभाषा समितीच्या मनात ही गोष्ट होती की नाही कुणास ठाऊक, पण इतकी तयार सामग्री हाताशी असताना आपण ट्रान्सिल्व्हेनियाला का जातो? अर्थात ही उपमाही ताणली तर तुटते. राक्षसी तारा दानशूर नाही, तो नुसता फुगलाय आणि सांडतोय. शिवाय आपल्या गोष्टीत बटू वाढत जातो, इथे तो साचलेलं पुन्हा पुन्हा फेकून देतो.

'नवतारा' या शब्दाचंही तेच. १५७२ साली दिसलेल्या ताऱ्यावर ट्यूको ब्राहेनं लिहिलेल्या पुस्तिकेमुळे 'नवा तारा' ही संज्ञा रूढ झाली. तो तारा नवा नव्हता, आणि आजच्या अर्थानं नोव्हाही नव्हता, सुपरनोव्हा होता. चुकीच्या ताऱ्याला दिलेलं चुकीचं नाव साडेचारशे वर्षं चालतंय. आवर्ती नवतारा म्हणजे तर पुन्हा पुन्हा नवा होणारा जुना. मला हा विरोधाभास आवडतो, कुणी बदलू नये. त्यापेक्षाही मला 'रूपविकारी तारा' हा शब्द आवडतो. तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांसाठी मराठीत तो आहे. त्यातला विकार आजारातलाही आहे आणि मनोविकारातलाही. नारळीकरांच्या 'आकाशाशी जडले नाते'मुळे ज्यांची मान वर झाली त्या पिढीतली मी. ते यंदाच्या मे महिन्यात गेले. त्या पिढीला हे शब्द जड वाटत नसत. आता 'व्हेरिएबल स्टार' लिहिलं की सोपं झालं असं समजतात. ते सोपं होत नाही, नुसतं परकं होतं.

चित्रांबद्दल थोडक्यात. प्रत्येक बातमीवर तेच चित्र असतं: एका बाजूला तांबडा गोळा, त्यातून निघालेली धार, दुसऱ्या बाजूला चमकणारी तबकडी. ते कल्पनाचित्र आहे, तसं खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतं. तुमच्या फोनच्या रुंदीएवढा राक्षसी तारा काढलात, तर त्याच प्रमाणात श्वेत बटू एका पिक्सेलपेक्षाही लहान येईल. म्हणजे खरं चित्र काढताच येत नाही. आणि प्रत्यक्ष आकाशात जे दिसेल ते याहूनही साधं: एक ठिपका. सात होते, आठ झाले. ज्यांनी आतषबाजीचं आमिष दाखवून वाचक गच्चीवर पाठवले, त्यांनी तारा फुटला असता तरी त्यांना निराशच केलं असतं.

तारखांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. भाकितामागे मुख्य नाव ब्रॅडली शेफर यांचं. हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जुन्या नोंदी खोदण्यात मुरलेले आहेत. वृश्चिकेतला यू स्कॉर्पिआय २००९ च्या आसपास फुटेल असं त्यांनी आधी सांगितलं होतं, आणि २०१० च्या जानेवारीत दोन हौशी निरीक्षकांना तो फुटलेला सापडला. टी कोरोनाच्या बाबतीत त्यांनी आणखी दोन जुने स्फोट पुढे आणले. १२१७ साली जर्मनीतल्या उर्सबर्ग मठाच्या बुर्कार्ड नावाच्या मठाधिपतीनं मुकुटातल्या ताऱ्याबद्दल नोंदवलेलं एक नवल, आणि १७८७ मधली फ्रान्सिस वोलास्टनची नोंद.

शेफर यांचा हा शोधनिबंध मी समीक्षेचा नमुना म्हणून वाचला आणि त्याच अंगानं मला तो आवडला. इथे एक माणूस आठशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन मजकुरातले शब्द तपासतो: लिहिणारा धूमकेतूबद्दल बोलतोय का? धूमकेतू असता तर अपशकुनाची भाषा आली असती, इथे तर सूर चांगल्या चिन्हाचा आहे. धूमकेतू हलला असता, हा एका जागी राहिला. आपण एखाद्या अभंगाचा पाठ खरा की प्रक्षिप्त हे ज्या रीतीनं ठरवतो, तीच ही रीत. आणि आक्षेपही तोच घेता येतो. छंद आधी ठरवून मग ओळ शोधली की ओळ सापडतेच. १२१७ ते १७८७ मध्ये ५७० वर्षं आहेत. सातानं भागलं तर ८१ च्या जरा वर येतात. बसतं खरं. पण मधले सहा स्फोट कुणीही नोंदवलेले नाहीत, ते आपण मनानं भरायचे. माझं मत विचाराल तर १७८७ पटतं, १२१७ पटावं असं वाटतं. या दोन वाक्यांत फरक आहे.

पण शेफर यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे केली होती, ती बातम्यांनी पुसून टाकली. त्यांचं आधीचं भाकीत २०२५.५ ± १.३ असं होतं. २०२३ मध्ये तारा मंद झाला. १९४६ च्या आधीही असाच मंदावला होता, म्हणून त्यांनी आकडा अलीकडे ओढला: २०२४.४ ± ०.३. पहिल्या आकड्याप्रमाणे बघितलं तर तारा अजून उशिरा आलेलाच नाही, २०२६ च्या उत्तरार्धापर्यंत त्याला मुभा आहे. हे अधिक-उणे चिन्ह हा या सगळ्या मजकुरातला सर्वांत सच्चा शब्द आहे, आणि भाषांतरात पहिला बळी त्याचाच गेला. ते मराठीत आणणं अवघड नाही. आपण रोज म्हणतो, दोनचार दिवस इकडेतिकडे.

आता पुस्तकाकडे. लेस्ली पेल्टिअर, जन्म १९००, अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डेल्फॉस गावाजवळचं शेत. दहावीनंतर शाळा सोडली. पहिली दुर्बीण घ्यायला अठरा डॉलर हवे होते. ते त्यानं स्ट्रॉबेऱ्या खुडून मिळवले, मापाला दोन सेंट या दरानं नऊशे मापं. १९१८ च्या मार्चमध्ये त्यानं रूपविकारी ताऱ्यांची पहिली नोंद अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांच्या संघटनेला पाठवली. मग १९८० मध्ये मरेपर्यंत एक महिना चुकवला नाही. एक लाख तीस हजारांच्या वर नोंदी. धूमकेतू शोधले ते वेगळेच. त्याच्या आत्मचरित्राचं नाव 'स्टारलाइट नाइट्स'.

त्या पुस्तकात टी कोरोनाचा एक छोटासा भाग आहे. पेल्टिअर या ताऱ्यावर १९२० पासून नजर ठेवून होता. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पहाटे त्यानं अडीचचा गजर लावला, उठला, तारे स्वच्छ होते, पण सर्दी होतेय असं वाटलं म्हणून परत जाऊन झोपला. त्याच रात्री तारा फुटला. पंचवीस वर्षं पहारा, आणि नेमकी ती रात्र हुकली. त्यानंतरही तो त्या ताऱ्याकडे बघत राहिला, पण पूर्वीचा जिव्हाळा उरला नाही, असं तो हसत हसत सांगतो.

हा किस्सा इंटरनेटवर भरपूर फिरतो. बहुतेक ठिकाणी तो दुर्दैवाची गोष्ट म्हणून येतो, आणि खाली कुणीतरी 'म्हणून कधीही कंटाळा करू नये' अशी तळटीप जोडतो. मूळ पान वाचलं की कळतं की पेल्टिअरला यातलं काही म्हणायचं नाहीये. त्याच्या सांगण्यात रडगाणं नाही. सांगण्याचा सूर जुन्या ओळखीच्या माणसाशी कट्टी झाल्यासारखा आहे, आपण 'माझं नि त्याचं बोलणं नाही' म्हणतो तसा. यातली गंमत अशी की कट्टी झाली तरी तो शेजार सोडत नाही.

तरी या पानाशी माझं भांडण आहे. एक तर तारा इथे माणूस होतो, रुसवाफुगवीचा धनी होतो, आणि मग त्या ताऱ्याचं ताऱ्यापण बाजूला पडतं. पेल्टिअर इतरत्र आकाशाचं वर्णन करताना अशी सवलत घेतो तेव्हा खपून जातं, कारण तिथे शेतीचा वास असतो, थंडी असते, लाकडी फळ्या असतात. इथे मात्र विनोदासाठी घेतल्यासारखी वाटते. पण मोठं भांडण वेगळं. पंचवीस वर्षांच्या पहाऱ्याला त्यानं एखाद्या वाक्यात गुंडाळलं आणि हुकलेल्या एका पहाटेला पूर्ण प्रसंग दिला. म्हणजे बातमीदारांनी केलं तेच त्यानंही केलं: घडण्याच्या क्षणाला किंमत दिली. फक्त तो घडण्याच्या चुकीच्या बाजूला उभा होता म्हणून आपल्याला जवळचा वाटतो.

त्या पंचवीस वर्षांत तो लिहीत काय होता? तारीख, वेळ, प्रत. तारीख, वेळ, प्रत. आज काही नाही. आज काही नाही. असल्या नोंदींना वाङ्मय कुणी म्हणत नाही. पण शेफर यांनी टी कोरोनाचा जो तेजालेख तयार केला, १८४२ पासून २०२२ पर्यंतचा, त्यात दोन लाखांहून जास्त मोजमापं आहेत, आणि त्यांतली बहुतेक अशाच माणसांची आहेत. स्फोटाच्या आधी काही वर्षं तारा चढतो आणि मग मंदावतो हे कळलं, ते स्फोट पाहणाऱ्यांमुळे नाही. काहीच होत नसताना 'काही नाही' असं इमानदारीनं लिहून ठेवणाऱ्यांमुळे कळलं. २०२४ च्या प्रत्येक मथळ्याखाली हे लोक गाडलेले आहेत.

या प्रकारचा मजकूर मला मराठीत वाचायला मिळाला तो एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मे २०२४ मध्ये बातमीच्या जोरावर हौसेनं काढलेला ग्रुप, पहिल्या आठवड्यात शंभरावर माणसं. सप्टेंबरनंतर त्यात गुड मॉर्निंग आणि दिवाळी अंकांच्या सवलती उरल्या. पण एक काका आहेत, एस.टी.त कंडक्टर होते, आता सातारा जिल्ह्यात गावी असतात. आकाश मोकळं असलं की ते एक ओळ टाकतात. 'रात्री ९.१०. मुकुटात सात. आठवा नाही.' ढग असले तर 'ढग' एवढंच. गेल्या हिवाळ्यात मुकुट पहाटे उगवायचा, तेव्हा वेळ ४.४० वगैरे असायची. इमोजी नाही, कंटाळा आल्याचं लिहिलेलं नाही, तारीख हुकल्याबद्दल टोमणा नाही. कुणीतरी एकदा विचारलं, काका, रोज तेच काय टाकता? त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीची ओळ टाकली.

मी त्या ओळी मागे जाऊन सलग वाचल्या. तिकिटांच्या बुकात आकडे लिहायची सवय असलेल्या हाताचा तो मजकूर आहे. 'आठवा नाही' म्हणताना ते आठव्याची जागा मोकळी धरून ठेवतात. नुसतं 'मुकुट पाहिला' म्हटलं असतं तर ती जागा गेली असती. मराठीत निसर्गावर इतकं लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला काय वाटलं ते. काय दिसलं नाही हे असं नेमकं सांगणारं फार थोडं.

आपल्याकडून या ताऱ्यांच्या गोष्टीत भर पडलीच नाही असं नाही. ज्या यू स्कॉर्पिआयचा वर उल्लेख आला, तो पहिल्यांदा दिसला १८६३ च्या मे महिन्यात, मद्रासच्या वेधशाळेतून, नॉर्मन पॉगसनला. ताऱ्यांच्या प्रतींचं जे गणित आपण आज वापरतो तेही त्याचंच, १८५६ मधलं. त्यानं पाहिला तेव्हा हा तारा परत परत येणारा आहे हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि आणखी जवळचं: २००६ मध्ये आर.एस. ओफियुकी हा दुसरा आवर्ती नवतारा भडकला, तेव्हा त्याच्या कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी पहिल्यांदा टिपल्या त्या नारायणगावजवळच्या खोडदच्या तीस अँटेनांनी, जीएमआरटीनं. उडालेला थर राक्षसी ताऱ्याभोवतीच्या वायूवर आदळतो, त्या धडकेतून या लहरी निघतात. डोळ्यांचा खेळ आठवड्यात संपला तरी ही गोष्ट पुढे महिनोन् महिने चालते. बातम्या तोवर निघून गेलेल्या असतात. आणि मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना पावसाळी ढगांचं काही वाटत नाही. याच आठवड्यात टी कोरोना फुटला तर पुणेकरांना गच्चीवरून ढगच दिसतील, खोडदला मात्र काम सुरू होईल.

एक वाक्य सगळ्याच लेखांत असतं: 'हा स्फोट प्रत्यक्षात तीन हजार वर्षांपूर्वीच झालेला आहे.' वाचकाला दचकवायला ठेवलेलं, आणि तिथेच सोडून दिलेलं. ते पुढे न्या ना. अंतर सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं धरलं आणि स्फोट ऐंशी वर्षांनी एक धरला, तर त्या ताऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या वाटेवर आत्ता सदतीसेक स्फोटांचा प्रकाश एकामागोमाग चालत येतोय. आपण ज्याची वाट बघतोय तो त्या रांगेतला पहिला. तो निघाला तेव्हा घोड नदीच्या काठी इनामगावला माणसं मातीच्या घरांत राहत होती. त्याच्या मागचा निघाला तेव्हा त्यांची नातवंडं.

पुढची तारीख हवी असेल तर ती आहे: १० नोव्हेंबर २०२५. पॅरिसच्या वेधशाळेतल्या ज्याँ श्नायडर यांनी काढलेली. १८६६ आणि १९४६ मध्ये या जोडीच्या बरोबर १२८ फेऱ्या बसतात, म्हणून पुढच्या १२८ मोजल्या. २७ मार्च ही तारीखही त्यांचीच होती, एक फेरी अलीकडची. दोन पक्क्या ओळींवरून छंद ठरवणं मला धाडसाचं वाटतं, आणि स्फोटानं फेरी पूर्ण व्हायची वाट का बघावी याचं पटण्यासारखं कारण मला दिसलं नाही. तरी तारीख मथळ्यांत येणारच. त्या सुमाराला मुकुट संध्याकाळी वायव्येला अगदी खाली असेल, सूर्यापाठोपाठ थोड्याच वेळात मावळणारा. शहरातल्या इमारतींमधून दिसणं कठीण. क्षितिज मोकळं असलेली जागा लागेल, आणि दिवेलागणीलाच पोचावं लागेल.